दोष कुणाचा, देणं कुणाचं?

माझी भाची बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी ती जेवायला आली, तीच घुश्शात. आमटीचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, “मामा, पणजोबांनी केलेल्या गोष्टीची माफी मी का मागायची?”

झालं होतं असं. वर्गातल्या एका मैत्रिणीशी तिच्या गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता दोघींचं मूळ गाव एकच निघालं. भाचीला आनंद झाला. तिने आमच्या जुन्या वाड्याचं, वाड्यामागच्या विहिरीचं कौतुक सुरू केलं. मैत्रीण ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, “त्या विहिरीवर माझी पणजी हात लावू शकत नव्हती. घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत.”

भाचीला काय बोलावं कळेना. मग ती जे बोलली, ते आपल्यापैकी बहुतेकजण बोलले असते. “पण मी तर जात बघतही नाही. माझा काय दोष?” मैत्रिणीने यावर काहीच उत्तर दिलं नाही. तेव्हापासून दोघी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही.

ताटावर याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पण हाच प्रश्न, याच्या कितीतरी पट भयंकर रूपात, एका प्राध्यापकाने भर सभागृहात विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता, ते मला आठवलं. भाचीला त्या दिवशी अर्धवट सांगितलं. इथे जरा नीट सांगतो.

हायडेलबर्ग हे जर्मनीत नेकार नदीच्या काठावरचं छोटं शहर. विद्यापीठ मात्र जुनं, 1386 सालचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतली मोठमोठी शहरं बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाली, त्यातून हे गाव जवळपास वाचलं. 1945च्या मार्चअखेरीस अमेरिकन फौजा तिथे पोहोचल्या. हिटलरची राजवट संपली. बारा वर्षं नाझींच्या टाचेखाली राहिलेलं विद्यापीठ हळूहळू पुन्हा उघडू लागलं. आणि 1945-46च्या हिवाळी सत्रात कार्ल यास्पर्स नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व्याख्यानाला उभे राहिले.

यास्पर्स मूळचे डॉक्टर, तेही मनोविकारांचे. लहानपणापासून फुप्फुसाचा जुनाट आजार. नंतर तत्त्वज्ञानाकडे वळले आणि हायडेलबर्गलाच प्राध्यापक झाले. त्यांची पत्नी गेरट्रूड ज्यू होती. नाझी सत्तेवर आल्यावर अशा नवऱ्यांपुढे सरळ पर्याय असायचा, बायकोला सोडा आणि नोकरी टिकवा. यास्पर्सनी बायकोला सोडलं नाही. 1937मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून काढलं. पुढे लिहिलेलं छापायलाही बंदी आली. दोघं घरात विष बाळगून राहत होती. पकडायला आले तर जिवंत हाती लागायचं नाही, असं ठरलेलं. 1945च्या एप्रिलच्या मध्यावर त्यांना छळछावणीकडे नेण्याचं ठरलं होतं, हे त्यांना नंतर समजलं. अमेरिकन सैन्य दोन आठवडे आधी आलं म्हणून ती दोघं वाचली.

असा माणूस व्याख्यानाला उभा राहिला, तर तो काय बोलेल? “मी सांगत होतो तुम्हाला,” असं म्हणायचा अधिकार कुणाला असेल, तर त्यांना होता. समोर बसलेल्यांत कालपरवापर्यंत हिटलरच्या सैन्यात असलेली मुलं होती. बाहेर देशात उपासमार, कोळशाची टंचाई, घराघरात कुणीतरी मेलेलं किंवा बेपत्ता. आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात गावोगावच्या भिंतींवर विजेत्या फौजांनी पोस्टर लावली होती. त्यांवर छळछावण्यांतल्या प्रेतांची छायाचित्रं आणि खाली एकच मजकूर, की याचे गुन्हेगार तुम्ही आहात.

ते पोस्टर वाचणाऱ्या बाईचा स्वतःचा मुलगा आघाडीवर गेलेला. ती मनात काय म्हणाली असेल? “मी काय केलं?” माझ्या भाचीने विचारलं तेच.

यास्पर्सनी त्या सत्रात देशाच्या मनःस्थितीवर व्याख्यानं दिली. त्यातल्या दोषाविषयीच्या भागाचं 1946मध्ये छोटंसं पुस्तक निघालं. त्याचं नाव ‘दी शुल्डफ्रागे’, म्हणजे ‘शुल्ड’चा प्रश्न. जर्मन भाषेत शुल्ड या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दोष, अपराध. दुसरा कर्ज, देणं. हा दुहेरी अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की ‘दोषी’ हा एकच शब्द आपण चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि त्यामुळे भांडण संपत नाही. समोरचा एका अर्थाने बोलतो, आपण दुसऱ्या अर्थाने उत्तर देतो. ते चार अर्थ सुटे केले पाहिजेत.

पहिला दोष कायद्याचा. ज्याने गुन्हा केला, तो गुन्हेगार. पुरावा लागतो, न्यायालय लागतं, शिक्षा होते. यास्पर्स बोलत होते तेव्हा न्यूरेम्बर्गचा खटला चालूच होता. हा दोष ज्याचा त्याचा असतो. बापाने खून केला म्हणून मुलाला फाशी देत नाहीत, आणि एका सबंध लोकसमूहाला गुन्हेगार ठरवता येत नाही. यावर यास्पर्स ठाम होते. ‘सगळे जर्मन गुन्हेगार’ हे वाक्य त्यांना मान्य नव्हतं. माणसाकडे माणूस म्हणून न बघता जमात म्हणून बघायचं, ही तर नाझींचीच रीत होती.

दुसरा दोष राजकीय, म्हणजे नागरिक म्हणून आलेला. तुमच्या नावाने राज्य चालतं, त्या राज्याने जे केलं त्याचा भार तुमच्यावर येतो. मत दिलं असो, विरोध केला असो वा घरात गप्प बसला असो. इथे शिक्षा नाही, पण भरपाई आहे. आणि इथेच शुल्डचा दुसरा अर्थ, देणं, कामाला येतो. आपल्याकडे वडिलांचं घर वाटणीला येतं तेव्हा उताऱ्यावरचा बोजाही येतो. ‘कर्ज मी काढलं नव्हतं’ असं म्हणून बँक ऐकत नाही. आपण चोर ठरत नाही, पण देणेकरी ठरतो. घर हवं, बोजा नको, असं चालत नाही.

तिसरा दोष नैतिक. त्याचा न्यायाधीश बाहेर कुठे नाही, तो आपलं स्वतःचं मन. कुणी सांगितलं म्हणून केलं, नोकरी जाईल म्हणून मान डोलावली, शेजारच्या घरातली माणसं नेली तेव्हा पडदा ओढून घेतला, मनातून पटत नसताना हात वर केला, नंतर स्वतःलाच समजावलं की तेव्हा दुसरं काही शक्य नव्हतं. या सगळ्याची छाननी प्रत्येकाने आपापली करायची. दुसऱ्याने बोट दाखवून ती होत नाही. फार तर जवळचा माणूस प्रेमाने विचारू शकतो.

चौथा दोष समजायला अवघड. यास्पर्स त्याला कायद्याच्या आणि नीतीच्याही पलीकडचा म्हणतात आणि त्याचा निवाडा देवाकडे सोपवतात. माणूस म्हणून माणसाशी आपलं काही नातं आहे. माझ्या डोळ्यांदेखत, मला माहीत असताना दुसऱ्यावर अन्याय झाला, तो मरण पावला आणि मी जिवंत राहिलो, तर मी काही केलं नसलं तरी ते मला लागतं. 1945च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठात केलेल्या भाषणात त्यांनी हे स्वतःला धरून सांगितलं होतं. आमच्या ज्यू मित्रांना नेलं तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरून ओरडलो नाही, आम्ही जगणं पसंत केलं, अशा अर्थाचं ते बोलले होते. ज्याची बायको ज्यू, ज्याच्या घरात विष ठेवलेलं, तो माणूस हे म्हणतो. ‘तुम्ही’ म्हणायची सोय असताना ‘आम्ही’ म्हणतो.

आता विहिरीकडे परत येऊ.

“माझा काय दोष?” असं भाची म्हणाली, तेव्हा ती पहिल्या अर्थाने बोलत होती. त्या अर्थाने तिचं बरोबर आहे. ती गुन्हेगार नाही. पण मैत्रिणीने तिला गुन्हेगार म्हटलंच नव्हतं. ती फक्त सांगत होती, की तू ज्या विहिरीचं कौतुक करतेस, तिची माझ्या घरातली आठवण वेगळी आहे. एकीने सांगितलेल्या हकिकतीला दुसरीने आरोपाचं उत्तर दिलं.

मग दुसरा अर्थ, देण्याचा. वाडा, विहीर, त्या विहिरीच्या पाण्यावर पिकलेली जमीन, त्या जमिनीवर शिकलेली आमची एक पिढी, मग दुसरी, मग भाचीचं कॉलेज. हे सगळं आमच्या वाटणीला आलं आहे. त्यावरचा बोजाही आलाच असणार. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927चा. राज्यघटनेने अस्पृश्यता संपल्याचं जाहीर केलं 1950मध्ये. कागदावर विषय संपला. पण पाण्यासाठी ताटकळण्यात ज्या घरातल्या बायकांचे तासन्‌तास गेले, त्या घराची शाळा किती पिढ्या उशिरा सुरू झाली, हे कुठल्या कागदावर आहे? राखीव जागांवरून आपल्या घरांत जेव्हा चवताळून चर्चा होते, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. धोरण कसं असावं यावर मतभेद असू शकतात. पण ‘मी कर्ज काढलं नाही’ हा त्यातला युक्तिवाद होऊ शकत नाही, एवढं यास्पर्स मला शिकवतात.

तिसऱ्या अर्थापाशी आलो आणि मी स्वतःच अडखळलो.

पणजोबांना मी पाहिलेलं नाही. पण आजीला पाहिलं आहे. सुट्टीत आम्ही गावी जायचो. अंगण झाडायला, शेण सारवायला एक मावशी यायच्या. त्यांच्यासाठी चहाची वेगळी कपबशी होती, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. कान तुटलेला कप. मावशी स्वतः तो काढायच्या, आजी वरून चहा ओतायची, पिऊन झाल्यावर मावशी तो विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. मला त्या लाडू द्यायच्या, मी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेलो. दहा वर्षांचा असताना मला ते कळलं नसेल. पण मी सोळा-सतरा वर्षांचा झालो तरी कप कोनाड्यातच होता. तेव्हा मी महात्मा फुल्यांवर वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं. बक्षीस घेऊन घरी आलो, मावशींनी कोनाड्यातला कप काढून चहा घेतला आणि माझं कौतुक केलं. मी एक शब्द बोललो नाही. आजीला वाईट वाटेल, हे कारण मी मनाला दिलं होतं. मावशींना काय वाटत असेल, हा विचार डोक्यात आलाच नाही.

भाची विचारत होती, पणजोबांचं मी का भोगायचं? मला कळलं, की पणजोबांपर्यंत जायची गरजच नव्हती. मधे मी बसलो होतो.

यास्पर्सनी या व्याख्यानांत कुटुंबाचाही दाखला दिला आहे. घरातल्या माणसाने काही वाईट केलं, तर कायद्याने आपण त्यात नसतो, तरी आपल्याला शरम वाटते. ती शरम तर्काने सिद्ध करता येत नाही आणि झटकूनही टाकता येत नाही. आपल्या आजोबांच्या कर्तृत्वाने छाती फुगते ना? ती कुठल्या तर्काने फुगते? अभिमान वारशाने घ्यायचा आणि शरम मात्र ‘ज्याची त्याची’ म्हणायचं, हे बसत नाही.

मात्र शरमेचं प्रदर्शन मांडणंही त्यांना मंजूर नव्हतं. छाती बडवून ‘आम्ही पापी’ म्हणणारा बरेचदा स्वतःला इतरांपेक्षा उंच ठेवत असतो. आज मोबाइलवर माफीची लांबलचक पोस्ट टाकून हृदयाचे ठोकळे मोजणाऱ्याला हे लागू पडावं. आणि दुसरी पळवाटही त्यांनी अडवली होती. ‘दुसऱ्या देशांनी काय कमी केलं?’ असं म्हणणाऱ्यांना त्यांचं सांगणं होतं, की दुसऱ्यांचे दोष खरे असू शकतात, पण त्यांनी आपला हिशेब पुरा होत नाही.

आपण सीमाभागातले लोक, आपल्याला हे दोन्ही बाजूंनी कळायला हवं. कुठेतरी बसची काच फुटते, कुठेतरी पाटीला काळं फासलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर ‘तुम्ही लोक’ सुरू होतं. मराठी मुलाने काच फोडलेली नसते, कन्नड मुलाने काळं फासलेलं नसतं. दोघांना जमातीचा गुन्हेगार ठरवणं चूकच. पण ‘मी नव्हतो’ एवढं म्हणून दोघांची सुटका होते का? आपल्या बाजूच्याने चूक केली तेव्हा आपल्याच माणसांत बसून ‘हे चुकलं’ असं मी म्हणालो होतो का, हा प्रश्न प्रत्येकाला उरतोच.

यास्पर्सच्या व्याख्यानांनी जर्मनी लगेच बदलली असं समजू नका. पुस्तकाचं स्वागत थंडच झालं. लोकांना घर, भाकरी, नोकरी हवी होती, आत्मपरीक्षण नको होतं. जुनी विद्यार्थिनी आणि मोठी विचारवंत हाना आरेन्ट हिनेही अमेरिकेतून पत्र लिहून आक्षेप घेतला, की नाझींची कृत्यं इतकी राक्षसी आहेत की गुन्हा हा कायद्याचा शब्द तिथे तोकडा पडतो. यास्पर्सनी उत्तर दिलं, की त्यांना राक्षसी भव्यता देऊ नकोस, ती किती सामान्य माणसांनी केलेली सामान्य कृत्यं होती हे बघ. 1948मध्ये यास्पर्स हायडेलबर्ग सोडून स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या विद्यापीठात गेले. तिथून ते शेवटपर्यंत ताज्या प्रश्नांवर बोलत राहिले. अणुबॉम्बवरचं त्यांचं 1956चं रेडिओ व्याख्यान पुढे मोठं पुस्तक झालं. 1969मध्ये बाझललाच त्यांचं निधन झालं.

पण बी रुजायला वेळ लागतो. 1952मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला 3 अब्ज मार्क भरपाई द्यायचा करार केला. देणं मान्य झालं. आणि 7 डिसेंबर 1970ला जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सातल्या ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले. ब्रांट स्वतः नाझींचे विरोधक, 1933मध्येच देश सोडून नॉर्वेला गेलेले. ज्याचा काहीच गुन्हा नव्हता, तो गुडघ्यांवर बसला.

असं आपल्याकडे कुणी केलं का, असं भाचीने विचारलं. मला साने गुरुजी आठवले. आपल्याला ते ‘श्यामची आई’मुळे ठाऊक. पण तरुणपणी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास करत होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारं दलितांना बंद होती. ती गुरुजींनी बंद केलेली नव्हती. तरी ते आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगावच्या विहिरी आणि देवळं खुली करा म्हणून सांगत. मग 1 मे 1947ला पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावरच त्यांनी ते सोडलं. त्यांनी ‘माझा काय दोष’ असं विचारलं नाही. ‘माझं काय देणं’ असं विचारलं.

शेवटी व्याख्यानांबद्दल. आपल्याला व्याख्यानमालांचं वेड जुनं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला 1875पासूनची, आणि आपल्या प्रत्येक गावात एखादी तरी असतेच. पण आपण वक्त्याला जाऊन काय ऐकतो? बहुतेकदा, आपल्याला आधीच पटलेलं, जोरदार शब्दांत. टाळ्या वाजवतो, आभारप्रदर्शन होतं, प्रश्नांना वेळ उरत नाही. यास्पर्सनी पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं, की आपण एकमेकांशी बोलायला शिकायला इथे जमलो आहोत. नुसतं आपलं मत पुन्हा पुन्हा सांगायचं नाही, दुसरा काय म्हणतो ते ऐकायचं. प्रत्येकाने वेगळं सोसलं आहे, हे धरून चालायचं. बारा वर्षं ज्या देशात एकच आवाज होता, तिथे हे सांगणं मोठं होतं. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाने विहीर खुली होत नाही. पण एका शब्दाचे चार अर्थ सुटे झाले, तर दोन मैत्रिणींना पुन्हा बोलता येतं.

भाचीने त्या मैत्रिणीची माफी मागितली का? नाही. मी तिला कोनाड्यातल्या कपाची गोष्ट सांगितली होती. तिने ती मैत्रिणीला सांगितली, माझ्या नावासकट. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण ते योग्यच होतं. मैत्रीण म्हणाली, “आमच्या पणजीचं अजून खूप आहे. ऐकणार असशील तर सांगते.”

ती आता ऐकते आहे. पुढच्या सुट्टीत दोघी मिळून गावी जायचं म्हणताहेत.

तुमच्याही घरात आजी-आजोबा असतील, तर एकदा निवांत बसून विचारा. आपल्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, हे त्या कौतुकाने सांगतील. मग विचारा, कोण भरू शकत नव्हतं? आणि उत्तर मिळेल तेव्हा लगेच काही बोलू नका.